गोड्या पाण्यातील माशांत साचणारी रसायने आणि त्यांचे मॉडेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद आणि रविवारी बाजारातून मासळी आणणारे सामान्य खवय्ये या तिघांकडून या विषयावर येणारे प्रश्न वेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच असते. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणांतील आकडे सूत्रांवरून काढलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट तलावाचे मोजमाप नाहीत.

मॉडेल म्हणजे नेमके काय? मासा थेट प्रयोगशाळेत नेऊन तपासला तर मॉडेलची गरजच काय?

मॉडेल म्हणजे माशाच्या शरीराचा जमाखर्च. कल्ल्यांतून किती रसायन आत आले, अन्नातून किती आले, कल्ल्यांतून परत किती गेले, विष्ठेतून किती गेले, यकृताने किती मोडून टाकले आणि शरीर वाढल्यामुळे उरलेले किती विरळ झाले, या सर्व नोंदी एका समीकरणात मांडल्या की शिल्लक कळते. हे गणित बँकेच्या पासबुकाहून फारसे अवघड नाही. अवघड असते ती प्रत्येक नोंदीचा दर ठरवण्याची कसरत.

मासा तपासावाच, त्याला पर्याय नाही. परंतु एका तपासणीतून त्या दिवशीची शिल्लक तेवढी समजते. ती शिल्लक कशामुळे झाली, पुढच्या वर्षी किती असेल, सांडपाणी निम्म्यावर आणले तर किती घटेल आणि घटायला किती महिने लागतील, हे तपासणीचा कागद सांगत नाही. शिवाय सेंद्रिय प्रदूषकांची तपासणी महाग असते. त्यामुळे कोणत्या जातीचे, किती वजनाचे आणि कोणत्या ऋतूतले मासे तपासायचे, हे मॉडेलवरून आधी ठरवले तर मोजक्या पैशांत अधिक हाती लागते.

तलावाच्या पाण्याचा अहवाल स्वच्छ आला असेल तर माशात प्रदूषक कुठून येणार?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या बाबतीत फसवते. आडात जे इतके थोडे असते की उपकरणाला दिसत नाही, तेच पोहऱ्यात हजारो पटींनी गोळा होऊ शकते. ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘उपकरणाच्या मोजमर्यादेच्या खाली आहे’ एवढाच असतो.

याचे गाजलेले उदाहरण कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराचे आहे. तिथे चिलटांसारख्या कीटकांचा उपद्रव थांबवण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीडी हे डीडीटीचे भावंड असलेले कीटकनाशक पाण्यात सोडण्यात आले. पहिल्या वेळी प्रमाण सात कोटी भाग पाण्याला एक भाग इतके विरळ होते आणि नंतरच्या दोन वेळी पाच कोटींना एक. तरीही मासे खाणारे ग्रीब पक्षी मरू लागले आणि त्यांच्या चरबीत दहा लाख भागांत सुमारे १,६०० भाग इतके डीडीडी सापडले. पाण्यातून सूक्ष्मजीवांत, त्यांतून लहान माशांत, मग मोठ्या माशांत आणि शेवटी पक्ष्यांत, अशी ती साखळी होती.

म्हणून पाण्याचा अहवाल हातात आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की मोजमर्यादा किती होती. ती मर्यादा लिटरला १०० नॅनोग्रॅम असेल आणि रसायन वीस हजार पटींनी साचणारे असेल, तर न दिसलेल्या पाण्यातूनही माशात किलोला २ मिलिग्रॅमपर्यंत रसायन साचू शकते. अहवालात मोजमर्यादेचा रकानाच नसेल तर त्या अहवालावरून माशाबद्दल काहीही म्हणता येत नाही. असे अहवाल नेहमी दिसतात.

जैवसांद्रीकरण, जैवसंचय आणि जैवविवर्धन हे एकच का?

नाही. केवळ पाण्यातून, म्हणजे कल्ल्यांवाटे आणि थोडेफार त्वचेवाटे, रसायन शरीरात गोळा होणे हे जैवसांद्रीकरण. पाणी, अन्न आणि गाळ अशा सर्व मार्गांनी मिळून होणारी साठवण म्हणजे जैवसंचय. खाल्लेल्या जिवापेक्षा खाणाऱ्यात प्रमाण वाढत जाणे हे जैवविवर्धन. प्रयोगशाळेतील टाकीत स्वच्छ खाद्य देऊन पहिले मोजतात. त्यासाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची ३०५ क्रमांकाची चाचणीपद्धत आहे, तिच्यात रसायनमिश्रित पाण्यात ठेवण्याचा टप्पा सामान्यतः २८ दिवसांचा असतो आणि मग मासे स्वच्छ पाण्यात ठेवून ऱ्हास मोजतात. तलावात मात्र हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडत असतात.

या जमाखर्चात नेमके कोणते आकडे जातात? एखादे उदाहरण करून दाखवता येईल का?

रसायनाच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे ऑक्टेनॉल-पाणी विभाजन गुणांक. ऑक्टेनॉल हा तेलकट द्रव माशाच्या चरबीचा प्रतिनिधी समजतात. रसायन, ऑक्टेनॉल आणि पाणी एकत्र घुसळून स्थिर होऊ दिले की ऑक्टेनॉलमधील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या किती पट भरते, तो हा गुणांक. माशाच्या बाजूने वजन, स्निग्धांश, आहार आणि वाढीचा वेग लागतो. तलावाच्या बाजूने तापमान, विरघळलेला ऑक्सिजन आणि पाण्यातील सेंद्रिय कणांचे प्रमाण लागते.

आता एक किलोचा मासा घेऊ. त्याच्या शरीरात ५ टक्के स्निग्धांश आणि २० टक्के प्रथिनादी इतर सेंद्रिय पदार्थ आहेत, पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे, आणि सध्या अन्नातून काही येत नाही असे धरू. अर्नॉट आणि गोबास या संशोधकांनी २००४ साली मांडलेल्या, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रांनुसार हा मासा दिवसाला सुमारे १७५ लिटर पाणी कल्ल्यांवरून वाहू देतो, म्हणजे दोनशे लिटरचा ड्रम जवळजवळ रिकामा करतो. त्या पाण्यातील तेलात रमणाऱ्या रसायनापैकी सुमारे ५४ टक्के शरीरात शोषले जाते. म्हणजे दररोज ९४-९५ लिटर पाण्यातले रसायन शरीरात जमा होते.

दोन रसायने घ्या. ‘क’चा विभाजन गुणांक १०,००० आणि ‘ख’चा १० लाख. दोघांचा आत येण्याचा वेग जवळजवळ सारखाच आहे. फरक पडतो तो बाहेर जाण्यात. ‘क’ हे रसायन कल्ल्यांतून दिवसाला सुमारे १६ टक्के या दराने निघून जाते, त्यामुळे चार दिवसांत ते निम्मे होते. ‘ख’ मात्र चरबीत असे रुतून बसते की दिवसाला ०.१७ टक्केच बाहेर पडते आणि निम्मे व्हायला चौदा महिने लागतात. आवक सारखी आणि जावक शंभरपट मंद, मग साठा कुठे फुगणार हे सांगायला नको.

आता वाढ धरा. २५ अंश सेल्सिअसला एक किलोच्या माशाचे वजन या सूत्रसंचानुसार दिवसाला सुमारे ०.२५ टक्के वाढते. ‘क’च्या बाबतीत हा आकडा नगण्य आहे. ‘ख’च्या बाबतीत तो कल्ल्यांतून होणाऱ्या ऱ्हासापेक्षाही मोठा आहे. त्यामुळे वाढणाऱ्या माशात ‘ख’ पाण्याच्या सुमारे २२,७०० पट साचते, तर वाढ खुंटलेल्या माशात ५७,००० पट. याचा अर्थ सरळ आहे : गर्दी करून बीज सोडलेल्या, खाद्य अपुरे पडणाऱ्या तलावातला खुरटलेला मासा त्याच पाण्यात भराभर वाढलेल्या माशापेक्षा अधिक दूषित असू शकतो. संस्थांच्या सभासदांना हा मुद्दा सांगितला की त्यांचा आधी विश्वास बसत नाही, कारण लहान मासा स्वच्छ आणि मोठा मासा दूषित अशी सर्वांची समजूत असते. ती समजूत वयाच्या बाबतीत बहुधा खरी ठरते. वजनाच्या बाबतीत तिचा भरवसा धरता येत नाही.

अन्नातून अधिक येते की पाण्यातून?

ते पुन्हा रसायनावर अवलंबून आहे. वरचाच मासा मरळ आहे असे समजा. तो रोज आपल्या वजनाच्या २ टक्के लहान मासे खातो, त्यांतील निम्मे रसायन आतड्यातून शोषले जाते आणि लहान माशांत वरच्या हिशेबाइतकेच रसायन आहे, असे धरू. ‘ख’च्या बाबतीत अन्नातून होणारी आवक कल्ल्यांतून होणाऱ्या आवकेच्या जवळपास अडीच पट निघते. ‘क’च्या बाबतीत ती जेमतेम ६ टक्के निघते.

अन्नातून आलेले रसायन शिकारी माशात अधिक दाट का होते, याचे उत्तर आतड्यात आहे. अन्न पचते, त्यातील स्निग्ध पदार्थ शोषले जातात आणि मागे उरलेल्या थोड्या गाळात रसायनाला राहायला जागा उरत नाही, म्हणून ते भिंतीतून शरीरात ढकलले जाते. या ढकलल्या जाण्याच्या जोराला फ्युगॅसिटी म्हणतात. ही संकल्पना मुळात वायूंसाठी जी. एन. लुइस यांनी १९०१ साली मांडली, आणि पर्यावरणातील रसायनांचा माग काढण्यासाठी कॅनडाचे डॉन मॅके यांनी ती रुळवली. पाणी, गाळ, मासा आणि हवा या चार वेगळ्या घरांतील रसायनाची तुलना एकाच मापाने करता येते, हा तिचा मोठा फायदा.

कतला, रोहू, मृगळ आणि मरळ यांपैकी कोणत्या माशात प्रदूषक अधिक साचते?

संमिश्र मत्स्यपालनात कतला वरच्या थरातील प्राणिप्लवंगांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर), रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी कुजक्या पदार्थांवर जगतो, ही विभागणी आपल्याकडील प्रत्येक मत्स्यपालकाला पाठ असते. मॉडेलमधली अन्नजाळीही नेमकी हीच असते. गाळात मुरलेल्या प्रदूषकाचा पहिला वाटेकरी मृगळ. पाण्यात ताजे सोडलेले प्रदूषक कतल्याकडे प्लवंगांच्या वाटेने लवकर पोहोचते. मरळ, वाम आणि शिंगाडा हे मासे खाणारे किंवा तळाचे जीव खाणारे असल्यामुळे साखळीत वर येतात, आणि ‘ख’सारखी रसायने तसेच मिथिल पारा (पाऱ्याचे सेंद्रिय संयुग) त्यांच्यात अधिक अपेक्षित असतो.

कोण किती वर आहे हे केवळ पोटातले अन्न पाहून ठरवणे धोक्याचे असते, कारण पोटात कालचे जेवण असते. त्यासाठी स्नायूतील नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण मोजतात. अन्नसाखळीत एक पायरी चढली की ते सरासरीने हजारी ३.४ या मापाने वाढते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा काही परिणाम होतो का? परदेशी मॉडेल येथे जसेच्या तसे चालेल का?

परिणाम होतो, आणि परदेशातून आलेली बहुतेक सूत्रे थंड सरोवरांवर पारखलेली असल्यामुळे येथे ती डोळे मिटून वापरता येत नाहीत. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला सुमारे ७.५ मिलिग्रॅमच. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटते, तापते, आणि सांडपाणी मिसळत असेल तर पहाटे ऑक्सिजन याहून बराच खाली जातो. ऑक्सिजन ८ वरून ४ वर आला तर वरच्या सूत्रानुसार माशाला दुप्पट पाणी कल्ल्यांवरून न्यावे लागते, म्हणजे रसायनाची आवक दुप्पट होते.

परंतु इथे एक बारकावा आहे. कल्ल्यांतून होणारी जावकही त्याच प्रमाणात दुप्पट होते. म्हणून वाढ नसलेल्या माशातील अंतिम पातळी बदलत नाही, फक्त ती लवकर गाठली जाते. वाढ आणि अन्न धरले की चित्र पुन्हा बदलते, कारण त्यांचा वेग तापमानाबरोबर आपल्या चालीने बदलतो. तेव्हा वर्षभरासाठी एकच सरासरी तापमान टाकून काढलेला आकडा मे महिन्यातील माशाला लागू पडेल असे समजू नये. निदान हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तीन हिशेब तरी वेगळे करावेत.

नाग नदीचे पाणी इतके मलीन असते, मग त्यातील माशांत सर्वाधिक प्रदूषण असेलच ना?

तसे गृहीत धरता येत नाही, आणि या उत्तराने अनेकांची निराशा होते. तेलात रमणारे रसायन पाण्यातील सेंद्रिय कणांनाही चिकटते, आणि कणाला चिकटलेले रसायन कल्ल्यातून आत जात नाही. पाण्यात तरंगते सेंद्रिय कार्बन आणि विरघळलेले सेंद्रिय कार्बन लिटरला प्रत्येकी ५ मिलिग्रॅम असेल तर ‘ख’पैकी जवळपास एक तृतीयांश भागच मोकळा राहतो. दोन्ही २० मिलिग्रॅम झाले तर मोकळा भाग एक दशांशावर येतो. ‘क’ मात्र दोन्ही वेळा बहुतांशी मोकळेच असते.

समजा पहिल्या प्रकारच्या पाण्यात ‘ख’ एकूण लिटरला १० नॅनोग्रॅम आहे. मोकळा भाग ३.२ नॅनोग्रॅम, त्याची २२,७०० पट म्हणजे माशाच्या किलोला सुमारे ०.०७ मिलिग्रॅम. एकूण आकडाच गुणला असता तर उत्तर तिप्पट आले असते. ही चूक प्रबंधांतही सापडते.

याचा अर्थ घाण पाणी बरे असा मुळीच नाही. कणांना चिकटलेले रसायन प्रवाहाबरोबर पुढे जाते. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघालेली नाग नदी शहर ओलांडून पिली नदीला घेते, पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हान वैनगंगेला. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे. वाहते पाणी जिथे थबकते तिथे कण तळाशी बसतात. त्यामुळे शहरातील नदीपात्रापेक्षा शेकडो ढीवर कुटुंबे जिथे जाळे टाकतात त्या जलाशयातील तळाची अन्नसाखळी हा अभ्यासाचा अधिक महत्त्वाचा विषय ठरतो.

शिसे, कॅडमियम, पारा या धातूंना हेच मॉडेल लावता येते का?

ऑक्टेनॉलचा गुणांक धातूंना लागू नाही, कारण ते चरबीत विरघळून बसत नाहीत. जस्त आणि तांबे शरीराला लागतातच, म्हणून मासा त्यांचे प्रमाण स्वतःच राखतो. पाण्यात जस्त कमी असले तर माशातील प्रमाण पाण्याच्या तुलनेत प्रचंड पटीत दिसते आणि पाण्यात ते वाढले की तीच पट घसरते. अशा पटीवरून धोका ठरवणे म्हणजे उलटी मोजपट्टी लावणे होय. कॅडमियम मूत्रपिंड आणि यकृतात, तर शिसे हाडांत आणि कल्ल्यांत साचते. धातूंसाठी अवयवनिहाय कप्पे असलेले मॉडेल लागते.

पारा हा अपवाद, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. दगडी कोळशात पारा अत्यल्प असतो, परंतु कोळसा जळताना तो वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. कोराडी आणि खापरखेडा या औष्णिक केंद्रांच्या शेजारी राहणाऱ्या नागपूरकरांनी म्हणूनच पाऱ्याकडे लक्ष ठेवावे. पाण्यात पडलेला असेंद्रिय पारा माशात तितकासा साचत नाही. तळाच्या ऑक्सिजनरहित गाळातील सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि हा मिथिल पारा प्रथिनांतील गंधकाला धरून स्नायूत बसतो. आपण खातो तो भाग नेमका हाच. मोठ्या शिकारी माशांच्या स्नायूतील पाऱ्याचा बहुतांश भाग मिथिल रूपात असतो. जपानमधील मिनामाता येथील विषबाधेची अधिकृत नोंद १९५६ साली झाली, ती याच संयुगाची.

नवीन धरण भरल्यावर बुडालेली झाडे-माती कुजते आणि मिथिल पारा वाढतो, हे कॅनडातील जलाशयांत दिसून आले आहे. तेथे शिकारी माशांतील पातळी मूळपदावर यायला दोन-तीन दशके लागली.

सूत्रानुसार आकडा मोठा येतो, पण मासा तपासला तर रसायन जवळपास सापडत नाही. असे का?

बहुधा माशाच्या यकृताने ते मोडले असते. बेंझोपायरीन हे अर्धवट ज्वलनातून निघणारे संयुग त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. त्याचा विभाजन गुणांक दहा लाखांच्या वर असूनही मासे ते वेगाने रूपांतरित करतात. अशा वेळी चयापचयाचा दर मॉडेलमध्ये टाकावा लागतो, आणि स्थानिक जातींसाठी तो क्वचितच उपलब्ध असतो. डीडीटीचे याउलट असते : शरीर त्याचे डीडीईत रूपांतर करते आणि डीडीई अधिकच चिवट असते. भारतात शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला. तरी आजही फक्त डीडीटी मोजून हात झटकणे चुकीचे आहे, दोन्हींची बेरीज घ्यावी.

पीफॉससारखी फ्लोरीनयुक्त रसायने चरबीऐवजी रक्तातील आणि यकृतातील प्रथिनांना बांधली जातात. त्यांच्यासाठी वरचे उदाहरण विसरावे.

नमुने गोळा करताना कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत मोठी चूक म्हणजे भोईपुऱ्याच्या बाजारातून मासा विकत घेऊन त्याला अंबाझरीचा किंवा गोरेवाड्याचा मासा म्हणणे. बाजारात आंध्र प्रदेशातून बर्फात आलेला रोहू आणि भंडाऱ्याच्या एखाद्या माजी मालगुजारी तलावातील रोहू शेजारी शेजारी असतात. जाळे पाण्यातून निघताना आपण काठावर असलो पाहिजे.

दुसरी गोष्ट स्निग्धांशाची. पाठीच्या पंखाखालचा स्नायू कापून, निर्जल करून, हेक्झेनसारख्या द्रावकात काढा. तो अर्क आधी वजन केलेल्या काचेच्या लहान वाटीत ओतून द्रावक उडू द्या. तळाशी पिवळसर तेलाचा एक पातळ थर राहतो, बोटाच्या नखाएवढा. त्या थराचे काही मिलिग्रॅम वजन हेच मॉडेलमधील सर्वांत प्रभावी आकड्यांपैकी एक असते. वाटी उचलताना हाताला लागलेले तेल त्यात गेले तर पुढचे सारे गणित बिघडते. विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला, मादीतील स्निग्धांश अंड्यांकडे जातो, म्हणून जूनमधील मादी आणि डिसेंबरमधील मादी एका रकान्यात लिहू नयेत.

हिशेब करताना हमखास होणारी चूक कोणती?

एककांची. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती तीन आठवडे लक्षात आली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कल्ल्यांवरून वाहणाऱ्या पाण्याच्या सूत्रात माशाचे वजन किलोत घालायचे असते. मी तक्त्यात १ ऐवजी १००० टाकले, कारण तराजू ग्रॅमचा होता. उत्तर बेढब आले असते तर चूक लगेच कळली असती. परंतु आवक आणि जावक दोन्ही एकाच प्रमाणात, अकरा पटींनी घटल्या, वाढीचा दरही घटला, आणि ‘ख’चे प्रमाण २२,७०० ऐवजी सुमारे १०,८०० पट निघाले. दोन्ही आकडे तितकेच पटण्याजोगे दिसतात! चूक सापडली ती मधला रकाना वाचल्यावर. तिथे मासा दिवसाला १५,६०० लिटर पाणी गाळत होता, म्हणजे तासाला तीन ड्रमांहून अधिक. तेव्हापासून अंतिम उत्तराआधी पाणी, खाद्य आणि वाढ हे तीन मधले आकडे मोठ्याने वाचून पाहायचे, हा माझा नियम आहे.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

विद्यार्थ्यांनी आधी साध्या स्प्रेडशीटमध्ये एका माशाचा हिशेब मांडावा. अन्नजाळीसाठी गोबास यांच्या गटाचे ‘अ‍ॅक्वावेब’ आणि अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘बास’ ही दोन साधने प्रसिद्ध आहेत. ‘बास’मध्ये माशांच्या वयोगटांची वाढ, मृत्यू आणि परस्परांना खाणे हेही धरले जाते, त्यामुळे त्याला लागणारी माहितीही त्याच मानाने मोठी असते. माहिती नसताना मोठे साधन वापरल्याने उत्तर अचूक होत नाही, फक्त दशांशस्थळे वाढतात.

या आकड्यांवर विश्वास किती ठेवावा?

मॉडेलचा आकडा मोजलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत आला तर या क्षेत्रात ते चांगले मानले जाते. एकच उत्तर देण्याऐवजी स्निग्धांश, वाढ, मोकळा भाग इत्यादी आकडे त्यांच्या शक्य मर्यादांत हजारो वेळा बदलून उत्तरांचा पट्टा काढावा. याला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. त्या पट्ट्यात कोणता आकडा सर्वाधिक हलवतो हेही कळते, आणि पुढचा पैसा त्याच मोजमापावर खर्च करावा.

मग मासे खावेत की नाही? शिजवल्याने विष जाते का?

मिथिल पाऱ्यासाठी अन्नात मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांवरील संयुक्त आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००३ साली शरीराच्या प्रत्येक किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. साठ किलोच्या व्यक्तीला ती आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम पडते. माशात किलोला ०.३ मिलिग्रॅम मिथिल पारा असेल तर ३२० ग्रॅम मासे खाल्ल्यावर ही मर्यादा गाठली जाते, आणि ०.०५ मिलिग्रॅम असेल तर जवळजवळ दोन किलो खाल्ल्यावर. गरोदर स्त्रियांनी मोठे शिकारी मासे टाळून लहान, शाकाहारी मासे निवडावेत, हा सल्ला त्यातूनच येतो.

शिजवल्याने किंवा तळल्याने पारा जात नाही, उलट पाणी उडाल्यामुळे ग्रॅममागे प्रमाण वाढते. चरबीत बसणारी रसायने मात्र कातडी, पोटाकडील चरबी आणि निथळलेले तेल काढून टाकल्यास काही अंशी घटतात. सावजी रश्श्यात वर तरंगणारी तर्री टाकून द्या, असे सांगण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

दूषित तलावातील सर्व मासे काढून नवे बीज सोडले तर प्रश्न सुटेल का?

पाणी आणि गाळ तसेच राहिले तर सुटणार नाही. वरच्या ‘ख’चेच उदाहरण घेतले तर वाढ आणि कल्ल्यांतून होणारा ऱ्हास मिळून दिवसाचा बदल सुमारे ०.४२ टक्के होतो. या वेगाने स्वच्छ मासा दहा महिन्यांत अंतिम पातळीच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. बोटुकलीचे कल्ले वजनाच्या मानाने मोठे असल्यामुळे सुरुवातीचे महिने याहूनही वेगवान असतात. म्हणजे पहिल्याच हंगामाचा माल जवळपास जुन्या मालासारखाच निघेल. प्रदूषण खरोखर थांबले असेल, तर वाढत्या माशातील ‘ख’चे प्रमाण साडेपाच महिन्यांत निम्मे होते. वाढ खुंटलेल्या माशात त्याला चौदा महिने लागतात.

उन्हाळ्यात तलाव आटल्यावर गाळ उपसणे हा खरा उपाय असू शकतो, आणि बोडी-तलावांचा गाळ शेतात टाकण्याची आपल्याकडे जुनी पद्धतही आहे. मात्र ज्या गाळातून मृगळात रसायन चढत होते तोच गाळ ट्रॉलीतून धानाच्या बांधीत जाणार असेल, तर ट्रॉली भरण्याआधी तळाच्या चार-पाच जागांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन तपासायला द्यावेत. काठाजवळचा गाळ आणि सांडव्यासमोरच्या खोलगट भागातील गाळ एकाच पिशवीत मिसळू नये. सर्वांत बारीक आणि सर्वांत दूषित कण सहसा त्या खोलगट भागातच बसलेले असतात.